वस्तुद्वारां इंग्रजी भाषेचें शिक्षण

परकी भाषेंतील शब्द विद्यार्थ्याच्या मनांत दोन वाटांनीं शिरूं शकतो. एक वाट पुस्तकाची. तींत आधीं शब्द, त्याच्यापुढें त्याचा मराठी अर्थ, आणि नंतर तो पाठ करण्याची खटपट असा क्रम असतो. दुसरी वाट वस्तूची. तींत वस्तु डोळ्यांपुढें किंवा हातांत असते, तिच्याशीं कांहीं व्यवहार करावयाचा असतो, आणि तो व्यवहार चालू असतांनाच शब्द कानावर पडतो. आपण सर्वजण मातृभाषा शिकलों ती या दुसऱ्या वाटेनें. "पाणी" या शब्दाचा अर्थ आपणांस कोणीं कोशांतून सांगितला नाहीं. तहान लागली, पेला पुढें आला, व त्याबरोबर शब्दहि आला. इंग्रजी मात्र आपल्यांपैकीं बहुतेकांनीं पहिल्या वाटेनें शिकावयास आरंभ केला. प्रत्यक्ष वस्तूंच्या व नित्य व्यवहारांतील कागदपत्रांच्या साह्यानें इंग्रजी कसें शिकतां येतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. शिक्षणशास्त्रांत अशा साहित्यास "रिआलिया" असें नांव आहे.

महाराष्ट्रांत २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊं लागला. म्हणजे दहावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यानें या भाषेचा दहा वर्षें अभ्यास केलेला असतो. असें असूनहि, कर्तरि प्रयोगाचा कर्मणि प्रयोग बिनचूक करणारा विद्यार्थी घरीं आणलेल्या औषधाच्या बाटलीवरील चार इंग्रजी शब्द वाचतांना अडखळतो, असें पुष्कळदां दिसतें. "फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली" हे ते चार शब्द. हें औषध केवळ बाहेरून लावावयाचें, पोटांत घ्यावयाचें नाहीं, हा त्यांचा अर्थ. चारांपैकीं तीन शब्द त्यानें पाठ्यपुस्तकांत शेंकडों वेळां पाहिलेले असतात. परंतु आजीनें बाटली पुढें करून, "बाळ, हें प्यावयाचें कीं चोळावयाचें?" असें विचारलें, तर ते तीन शब्द त्याच्या कामीं येत नाहींत. परीक्षेंत गेलेले गुण पुढील वर्षीं मिळवितां येतात. येथील चूक तशी भरून निघत नाहीं. पुस्तकांतील इंग्रजी आणि बाटलीवरील इंग्रजी या एकाच भाषेच्या दोन बाजू आहेत, हें त्याच्या प्रत्ययास कधीं आलेलेंच नसतें, हें त्याच्या अडखळण्याचें कारण होय.

वस्तु दाखवून भाषा शिकविण्याचा विचार नवा नाहीं. मोरेव्हिया प्रांतांत १५९२ सालीं जन्मलेले जॉन अमोस कोमेनिअस हे त्याचे थोर पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या काळीं युरोपांतील मुलांना लॅटिन शिकावें लागे. ती भाषा घरीं बोलली जात नसे, परंतु विद्येचें व अधिकाराचें दार तिच्यावांचून उघडत नसे. तेव्हां त्या मुलांची स्थिति इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांसारखीच होती असें म्हणतां येईल. लॅटिनचे नियम छडीच्या धाकानें पाठ करून घेण्याची तेव्हां चाल होती. युद्धांच्या त्या धामधुमींत कोमेनिअस यांस मायभूमि सोडावी लागली. १६५६ सालीं पोलंडांतील लेश्नो हें गांव जळालें, तेव्हां त्यांच्या अनेक वर्षांच्या श्रमांचीं हस्तलिखितें आगींत नष्ट झालीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६५८ सालीं, न्यूरेंबर्ग येथें त्यांचें "ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस" हें पुस्तक प्रसिद्ध झालें. डोळ्यांस दिसणारें जग चित्रांतून दाखविणें, असा त्या नांवाचा आशय आहे. प्रत्येक पाठाच्या आरंभीं एक चित्र, चित्रांतील वस्तूंना आंकडे, आणि खालील लॅटिन व जर्मन वाक्यांत त्या त्या वस्तूच्या नांवापुढें तोच आंकडा, अशी त्याची रचना होती. मूल आंकडा पाही, चित्रांतील वस्तु शोधी, व शब्द ओळखी. जें ज्ञानेंद्रियांतून आलें नाहीं तें बुद्धींत ठरत नाहीं, अशी कोमेनिअस यांची धारणा होती. चित्रावरच न थांबतां शक्य तेथें वस्तूच दाखवावी, आणि घरीं सहज न मिळणाऱ्या वस्तू शाळेनें संग्रहीं ठेवाव्या, असेंहि त्यांनीं सुचविलें होतें.

पुढें स्वित्झर्लंडमधील पेस्तालोझी (१७४६–१८२७) यांनीं प्रत्यक्ष निरीक्षण हा सर्व शिक्षणाचा पाया मानला. त्यांच्या शाळेंत राहून आलेले चार्ल्स मेयो व त्यांची भगिनी एलिझाबेथ मेयो यांनीं ही पद्धति इंग्लंडांत नेली. १८३० च्या सुमारास एलिझाबेथबाईंचें वस्तुपाठांचें पुस्तक निघालें. काच, रबर, चामडें, साखर अशा साध्या वस्तू घेऊन त्यांवर पाठ कसे द्यावे हें त्यांत दाखविलें होतें. मराठींत "वस्तुपाठ" हा शब्द आज आपण उत्तम उदाहरण या अर्थानें वापरतों, तो मूळचा याच शिक्षणपद्धतीच्या परिभाषेंतला.

परंतु चांगल्या पद्धतीचेंहि लवकरच कर्मकांड होतें. काचेच्या पाठांत "ट्रान्सपेरंट" व "ब्रिटल" हे शब्द फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेण्यांत येऊं लागले. काच टेबलावर राहिली व मुलांच्या हातीं पुनः शब्दच आले. चार्ल्स डिकन्स यांच्या १८५४ सालच्या "हार्ड टाइम्स" या कादंबरीच्या आरंभीं अशाच शाळेचें चित्र आहे. सर्कशींत घोड्यांच्या सहवासांत वाढलेली एक मुलगी तेथें घोड्याची व्याख्या सांगूं शकत नाहीं म्हणून अज्ञ ठरते, आणि दुसरा एक मुलगा घोड्याचे दांत व खूर यांविषयींची व्याख्या धडाधड म्हणून दाखवितो व शाबासकी मिळवितो. वस्तु वर्गांत आणली एवढ्यानें शिक्षण होत नाहीं, ही गोष्ट या उदाहरणावरून ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परकी भाषेच्या अध्यापनांत वस्तूला मानाचें स्थान मिळालें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स येथें १८७८ सालीं आपली भाषाशाळा काढली. तेथें विद्यार्थ्याच्या मातृभाषेचा एकहि शब्द न वापरतां, वस्तु दाखवून, हावभाव करून व प्रश्न विचारून भाषा शिकविण्यांत येई. यासच "डायरेक्ट मेथड" म्हणजे प्रत्यक्ष पद्धति म्हणतात. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत अधिकारी असलेले पी. सी. रेन यांनीं हिंदुस्थानांतील शाळांसाठीं या पद्धतीनें इंग्रजी शिकविण्यावर पुस्तक लिहिलें होतें. ज्यांच्या व्याकरणाच्या जाड पुस्तकानें आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या, त्या रेन आणि मार्टिन या जोडींतील रेन ते हेच, हें वाचून पुष्कळ पालकांस नवल वाटेल.

आतां वस्तु नेमकें काय शिकविते तें पाहूं. वस्तूनें केवळ नांवें शिकतां येतात असा समज आहे. तेवढेंच असतें तर कोश पुरला असता. कोश जेथें फसवितो तेथें वस्तु सांवरून घेते, हा तिचा खरा उपयोग आहे. मराठींत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा "हात"च. इंग्रजींत मनगटापर्यंतचा भाग "आर्म" व त्यापुढील भाग "हँड". आपला "पाय" इंग्रजींत घोट्याशीं दुभंगतो. वर "लेग" व खालीं "फूट". आपण हाताच्या व पायाच्या बोटांना एकच नांव देतों. इंग्रजींत हाताचें बोट "फिंगर" आणि पायाचें "टो". हें न कळल्यामुळें पायाच्या बोटाला ठेंच लागलेला मुलगा "फिंगर ऑफ माय लेग" असें लिहितो. शिक्षकानें स्वतःच्या दंडावर, मनगटावर व पावलावर बोट ठेवून एकदां दाखविलें, तर दोन्ही भाषा शरीराची वांटणी कोठें कोठें करतात हें मुलांस क्षणांत कळतें, व पुढें विसरत नाहीं.

याच्या उलट जेथें मराठी श्रीमंत आहे तींहि उदाहरणें घ्यावीं. तीन वाट्यांत साळ, तांदूळ व शिजविलेला भात ठेवावा. पहिल्या वाटीस इंग्रजींत "पॅडी" म्हणतात, हा शब्द मलायी भाषेंतून तिकडे गेला. दुसरी व तिसरी वाटी या दोहोंनाहि "राइस" हा एकच शब्द पुरतो. मग भाकरी व पाव शेजारीं शेजारीं ठेवून, कोशांत भाकरीपुढें दिलेला "ब्रेड" हा शब्द हिला लागू पडतो का, असें विचारावें. मुलें हंसतील व नाहीं म्हणतील. तेथेंच त्यांना म्हणावें कीं, ज्यानें भाकरी कधीं पाहिली नाहीं त्याला ती इंग्रजींत समजावून द्या. वाटोळी, चपटी, ज्वारीच्या पिठाची, तव्यावर भाजलेली, हें सांगण्यासाठीं मूल "राउंड", "फ्लॅट", "मेड ऑफ" असे शब्द स्वतः शोधूं लागतें. आपल्याजवळ कांहीं सांगण्यासारखें आहे आणि समोरच्यास तें ठाऊक नाहीं, हीच भाषा वापरण्याची खरी निकड होय.

व्याकरणाच्याहि कांहीं अवघड जागा वस्तूंनीं सुगम होतात. मराठींत "अ" व "द" यांसारखीं उपपदें नाहींत, म्हणून आपल्या मुलांना तीं जन्मभर छळतात. एका टोपलींत पांच लिंबें व एक आंबा ठेवा. "गिव्ह मी अ लेमन" म्हटलें कीं मूल कोणतेंहि लिंबू उचलून देतें. "गिव्ह मी द मँगो" म्हटलें कीं तो एकच आंबा देतें. नंतर "गिव्ह मी द लेमन" असें म्हणा. मुलाचा हात टोपलीवर थबकतो, व तें विचारतें, "कोणतें?" तो थबकलेला हात म्हणजेच "द" चा अर्थ होय, पानभर नियमांनीं जें साधत नाहीं तें तेथें साधतें. तसेंच, पुस्तक टेबलावर असतें आणि पंखाहि टेबलावर फिरतो. मराठीस दोन्हीकडे "वर" हें एकच पुरतें. इंग्रजींत पुस्तक टेबलाला टेकलेलें म्हणून "ऑन", पंखा टेकलेला नाहीं म्हणून "अबव्ह". एक कागद हातांत धरून तो आधीं टेबलावर अधांतरीं धरावा व मग खालीं ठेवावा. भेद डोळ्यांनींच दिसतो.

मात्र वस्तूच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत. "ऑल्दो", "अनलेस", "ऑनेस्टी" हे शब्द कोणत्याहि टोपलींत सांपडत नाहींत. "ऑल्दो" चा अर्थ हावभावांनीं सुचविण्यांत अर्धा तास घालविण्यापेक्षां "जरी" हा एक मराठी शब्द उच्चारणें शहाणपणाचें आहे. मातृभाषेस वर्गाबाहेर उभें करण्याचा बर्लिट्झपंथी कडकपणा आपल्या शाळांत चालण्यासारखा नाहीं, व चालवावा असेंहि नाहीं. दुसरी मर्यादा अशी कीं, फार मनोरंजक वस्तु भाषेस गिळून टाकते. वर्गांत मांजराचें पिल्लूं आणलें, तर मुलें तासभर आनंदांत राहतील, परंतु सगळा आनंद मराठींत होईल. म्हणून वस्तूबरोबर काम हवें, आणि तें काम इंग्रजीवांचून अडेल असें हवें.

या दृष्टीनें दक्षिण हिंदुस्थानांत झालेला एक प्रयोग फार उद्बोधक आहे. एन. एस. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत बंगळूर, मद्रास व इतर कांहीं ठिकाणच्या साध्या शाळांतील वर्गांत तो चालविला. व्याकरणाचे पाठ क्रमानें देण्याचें सोडून, आगगाडीचें वेळापत्रक, नकाशा, दिनदर्शिका अशा साहित्यावर आधारलेलीं कोडीं ते विद्यार्थ्यांपुढें ठेवीत. समजा, वेळापत्रकांत दोन गाड्या आहेत. पहिली सकाळीं ७-१५ ला निघून ११-४५ ला पोंचते. दुसरी ८-०५ ला निघून ११-५० ला पोंचते. कोणत्या गाडीस कमी वेळ लागतो? एखाद्यास सकाळीं आठ वाजेपर्यंत घरीं काम असेल व दुपारीं बारापूर्वीं पोंचावयाचें असेल, तर त्यानें कोणती गाडी धरावी? असा एक प्रश्न शिक्षक आधीं सर्व वर्गाबरोबर तोंडीं सोडवीत. नंतर तशाच दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें स्वतः काढावयाचें. उत्तर बरोबर आलें कीं काम फत्ते. वाक्य मोडकें असलें तरी तेथें अडवीत नसत. लक्ष अर्थावर गुंतलें असतां भाषेचें व्याकरण मनांत आपोआप रुजतें, असा यामागील सिद्धान्त. प्रभु यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्याचें विवेचन केलें. या प्रयोगाच्या फलांविषयीं तज्ज्ञांत पुष्कळ चर्चा झाली. तथापि दोन गोष्टी त्यानें सर्वांसमोर ठेवल्या. महागडें साहित्य नसलेल्या शाळेंतहि अशा रीतीनें शिकवितां येतें, आणि एक साधा छापील तक्ता विद्यार्थ्यास तासभर विचार करावयास लावूं शकतो.

खऱ्या कागदांतील इंग्रजी कठीण असतें, तें लहान मुलांस कसें झेपेल, अशी शंका साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, कागद जसा आहे तसाच ठेवावा, मात्र प्रश्न वयाप्रमाणें लहानमोठा करावा. विजेचें एकच बिल घ्या. तिसरींतील मुलानें त्यांतील तारखा शोधाव्या. सहावींतील मुलीनें "बिल डेट" व "ड्यू डेट" यांतील भेद सांगावा, व पैसे कधींपर्यंत भरले पाहिजेत तें ठरवावें. नववींतील विद्यार्थ्यानें दोन महिन्यांचीं बिलें ताडून, कोणत्या महिन्यांत वीज अधिक खर्च झाली व कां, हें चार इंग्रजी वाक्यांत लिहावें. कागद तोच, परंतु तिघांचेंहि शिक्षण होतें.

येथें पालकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. "आम्हांस इंग्रजी येत नाहीं, मग मुलांचा अभ्यास आम्ही काय घेणार?" असें पुष्कळ आईबाप खिन्नपणें म्हणतात. वस्तूंच्या पद्धतींत ही अडचण उरत नाहीं. प्रश्न मराठींत विचारावा, उत्तर मुलानें इंग्रजी छापाईंतून शोधावें. बिस्किटाच्या पुड्यावर वजन किती लिहिलें आहे? दुकानदारास जास्तींत जास्त किती किंमत घेतां येते? पुड्यावर "बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम मॅन्युफॅक्चर" असें छापलें आहे. मग तयार केल्याची तारीख पाहून, हा पुडा कोणत्या महिन्यापर्यंत खावा तें सांग. हा शेवटचा प्रश्न सोडवितांना मुलास "बिफोर" व "फ्रॉम" या दोन अव्ययांचें काम बोटांवर महिने मोजून कळतें. व्यवहाराचें ज्ञान आईजवळ असतें व अक्षरांचें मुलाजवळ. दोन्हीं मिळून काम पुरें होतें, आणि त्यांत कोणासहि कमीपणा येत नाहीं.

हल्लीं बँकेचे संदेश भ्रमणध्वनीवर इंग्रजींतून येतात. "डू नॉट शेअर धिस ओटीपी विथ एनीवन" या वाक्यांतील आंकडे कोणासहि सांगूं नका, अशी बँकेचीच ताकीद आहे. ती ज्याला वाचतां येत नाहीं तो गोड बोलणाऱ्या परक्या माणसास आंकडे सांगून बसतो, व घामाचे पैसे क्षणांत जातात. घरांतील सातवी-आठवींतल्या मुलानें हें एक वाक्य सर्वांस वाचून व समजावून दिलें, तर त्याच्या इंग्रजीच्या अभ्यासाचें त्या दिवशीं सार्थक झालें असें समजावें.

विद्यार्थ्यांनीं पुढील प्रमाणें आरंभ करावा. एक जुनी वही घ्यावी. रिकामीं वेष्टनें, वापरलेलीं तिकिटें, जुन्या पावत्या, औषधांच्या रिकाम्या खोक्यांवरील सूचना यांचे कपटे तींत चिकटवावे. भरलेल्या बाटल्या व गोळ्या हाताळूं नयेत. रिकामें खोकें अभ्यासास पुरतें. बँकेचा कागद असल्यास खात्याचा आंकडा व नांव कापून टाकावें. प्रत्येक कपट्याखालीं तीन गोष्टी लिहाव्या: हा कागद कोणीं कोणासाठीं छापला, त्यांत कोणतें काम करण्यास किंवा टाळण्यास सांगितलें आहे, आणि त्यांतील कोणता शब्द नवा मिळाला. "शेक वेल बिफोर यूज" हें वाचून झाल्यावर एखादी पाण्याची बाटली तशी हालवून पाहावी. "स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस" हें वाचल्यावर आपल्या घरांत अशी थंड व कोरडी जागा कोणती, तें आईस विचारून लिहावें. आठवड्यास दोन कपटे झाले, तरी वर्षाअखेर शंभर होतात, व ते शंभर कागद इतर कोणाच्या पुस्तकांत नसतात.

यामुळें पाठ्यपुस्तक टाकून द्यावें असा अर्थ कोणीं घेऊं नये. कविता, गोष्टी व थोरांचे विचार वेष्टनांवर छापले जात नाहींत. त्यांसाठीं पुस्तकाकडेच गेलें पाहिजे. परंतु ज्यानें घरांतील कागदांवरील इंग्रजीस आपलें काम करावयास लाविलें आहे, तो पुस्तकाकडे भीत भीत जात नाहीं. ही भाषा आपल्या सांगण्यावरून चालते, असा त्यास अनुभव आलेला असतो. आणि परकी भाषा शिकणारास आत्मविश्वासाइतका दुसरा उपयोगी गुरु नाहीं. तेव्हां आज संध्याकाळीं घरांतून जें वेष्टन केरांत जाणार असेल, तें विद्यार्थ्यांनीं एकवार उचलून वाचावें.